सात हाली, सहा कलदार

अप्पा रुपया हातात घेत आणि आधी त्याचा आवाज ऐकत. पाहायचं काम नंतर. अंगठ्याच्या नखावर रुपया उडवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि निकाल द्यायचा: "हाली हाय. पर आत्ताच्या निजामाचा न्हाई, त्याच्या बापाच्या वक्ताचा." उलटून पाहिलं की नाणं खरंच बापाच्या वेळचं निघे. मी चार-पाच वेळा त्यांना चकवायला वेगवेगळी नाणी नेली आणि दर वेळी नाक मुठीत धरून परत आले.

बसवकल्याणच्या, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीच्या, मोटार स्टँडवर, लिंबाच्या सावलीत, एक जाडाभरडा पांढरा फडका अंथरून अप्पा बसत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदी. आम्हा सगळ्यांचे ते 'बट्टेवाले अप्पा'. आजच्या मुलांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. हैदराबाद संस्थानाचा रुपया वेगळा होता. त्याला हाली म्हणत. बाकी हिंदुस्थानात चाले तो कलदार. पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं तरी काही वर्षं दोन्ही रुपये शेजारी शेजारी नांदत होते. हाली खिशात घालून उमरग्यापर्यंत खुशाल जावं, पण सोलापूरचा चहावाला त्याला हात लावत नसे. म्हणून मोटारीत बसण्याआधी लोक अप्पांपुढे उकिडवे बसत. सात हाली द्यायचे, सहा कलदार घ्यायचे आणि रुपयामागे एक पै अप्पांना द्यायची. ती पै म्हणजे बट्टा.

मी सोलापूरची, नव्यानं उघडलेल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आलेली. पगार हालीत, आईला पाठवायचे कलदार. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात अप्पांना म्हटलं, हिशेब मी करते, तुम्ही नुसते पैसे द्या. माझा भागाकार पै-आण्यापर्यंत पोचला नव्हता तोवर अप्पांनी कानडीत काहीतरी पुटपुटत नाणी मांडूनही टाकली. ते मोजत कानडीत, भांडत मराठीत आणि नाण्यावरची अक्षरं वाचत उर्दूत. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नाणंच माजी शाळा, बाई. कामून म्हणाल तर रोज नवं पुस्तक हातात येतंय."

खरंच त्यांना नाण्यांचं वेड होतं. गिऱ्हाईक नसलं की ते मला शिकवत. रुपयावर चारमिनार, मिनारांच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर, ते आत्ताच्या निजामाच्या नावाचं. खाली हिजरी साल. दोन पैच्या नाण्याला मधोमध भोक होतं. बाजारातल्या बायका ती नाणी दोऱ्यात ओवून कमरेला बांधत. नोटेवर तर उर्दू, मराठी, कानडी, तेलुगू अशा सगळ्या भाषांत किंमत लिहिलेली. अप्पा ती उन्हात धरून म्हणत, की हे चौघं एका कागदावर गुण्यागोविंदानं राहतात, खाली माणसंच भांडतात.

एकदा त्यांनी कनवटीचं झिजलेलं तांब्याचं नाणं काढून दाखवलं. त्यांच्या बारशाला आईनं मुठीत ठेवलेलं. त्यावरच्या सालावरून ते आपलं वय मोजत: साठ. मी सहज सांगितलं की हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून तुम्ही साठीचे नाही, अठ्ठावन्नचे. अप्पांनी नाणं पुन्हा उलटून पाहिलं. मग मला कागदावर तो हिशेब तीनदा मांडायला लावला. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा हमालसुद्धा मला विचारायला आला, की बाई, माजंबी वय कमी करून देताव का?

मग हाली बंद होणार अशी दवंडी पिटली. ठरल्या मुदतीत हाली नोटा खजिन्यात भरायच्या आणि कलदार घ्यायचे. अप्पांचा धंदा उठणार हे उघड होतं. मला वाटलं म्हातारा खचेल. पण त्यांना नव्या नोटा कशा असतील याचीच उत्सुकता जास्त. स्टँडच्या कोपऱ्यात एक लाकडी खोका विकायला होता, तो घेऊन सुई-दोऱ्याचं दुकान टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. मालक पंच्याऐंशी कलदार मागत होता. अप्पांनी आयुष्यभराच्या बट्ट्यातून ऐंशी जमवले होते. राहिलेले पाच मी उसने देते म्हटलं तर रागावले. पाचच तर कमी आहेत, होतील म्हणाले. घरी बायको रोज विचारी, खोक्याचं काय झालं?

मुदत संपली. तरी अप्पा सवयीनं रोज येऊन फडका अंथरत. एखादा वाटसरू सोलापूरची चिल्लर मागायला येई, तेवढंच. लोक चेष्टा करत. मीही केली.

असाच एक बाजाराचा दिवस. भर दुपारी मी उमरग्याच्या मोटारीची वाट पाहत अप्पांजवळ उभी होते. एक म्हातारी आली आणि पदराची गाठ सोडून तिनं फडक्यावर सात नोटा ठेवल्या. दहा-दहाच्या. हालीच्या. म्हैस विकलेले पैसे, कणगीत ठेवलेले. मुदत संपून दोन महिने होऊन गेले होते. आता त्या नोटा घ्यायला ना खजिना तयार होता ना दुकानदार. मला राहवलं नाही. आजी, दवंडी ऐकली नव्हती का, म्हणून मी विचारलं.

"ऐकली की," म्हातारी म्हणाली. "पर अप्पा बसलेत न्हवं हितं? अप्पा उठल्याबिगर हाली कशी बंद हुईल?"

मी पुढं बोलणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बाई, तुमची मोटार आली का बगा." मोटारीचा पत्ता नव्हता. पण मी गप्प बसले.

त्यांनी नेहमीसारखी एकेक नोट उन्हात धरून पाहिली. मग कनवटीची पिशवी सोडली आणि साठ कलदार मोजले, कानडीत. वर साठ पै, म्हणजे पाच आणे बट्टा मागितला. म्हातारी तणतणली, पाच आणे लई होतात म्हणाली. अप्पाही तिच्याशी हुज्जत घालू लागले. दहा मिनिटं चाललं आणि सौदा चार आण्यांवर पटला. म्हातारी पुटपुटत निघून गेली.

मी मात्र भडकले. त्या सात कागदांपायी तुमचा खोका गेला, म्हटलं, तिला खरं सांगायला काय झालं होतं?

अप्पा नोटांची घडी घालत होते. "ती माजा फडका बघून आली, बाई. मुदत संपल्यावर फडका तर मीच हांतरलो."

मग आठवलं म्हणून विचारलं, निदान ते चार आणे तरी कशाला घेतलेत?

"बट्टा घेतलो नसतो तर तिला कळलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली फडका दिसला नाही. खोका दुसऱ्यानं घेतला. अप्पांनी खांद्याला झोळी अडकवली आणि सुया, दोरे, गुंड्या विकत गावोगाव पायी हिंडू लागले, त्या वयात. त्यांची बायको माझ्याशी कित्येक दिवस नीट बोलली नाही. तिथं उभी असून मी त्यांना अडवलं नाही, हा तिचा राग. तो मला आजही रास्त वाटतो.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. कल्याणी म्हैसूर राज्यात गेलं, मी उमरग्याच्या मराठी शाळेत बदली मागितली. निघताना स्टँडवर अप्पा भेटले, झोळीसकट. थकले होते, पण चेहरा हसरा. त्या म्हातारीच्या गावाहूनच आले होते. ती दर खेपेला त्यांच्याकडून सुया घेते, म्हणाले, आणि दर खेपेला पैसे देताना खळखळ करते.

मी विचारलं, का?

"चार आणे जास्ती लावलो म्हणून," अप्पा म्हणाले. "अजून भांडायलीय बगा." आणि असे काही हसले की त्यांना झोळी खाली ठेवावी लागली.