फक्त शहरासाठी छापलेली बातमी

आमच्या वर्तमानपत्राचं वय माझ्या बाबांहून जास्त. जबलपुरात एखादी गोष्ट खरी घडली की नाही, हे त्यात छापून आल्यावरच ठरतं. इथला खासदार संसदेत बोलायला उठतो तोही आमचं कात्रण हातात घेऊन. मराठी घरातली मी या हिंदी दैनिकात बातम्या लावते. बाबा संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी पेपरात आहे म्हणून नव्हे, हा पेपर खोटं लिहीत नाही म्हणून ते तो अथपासून इतिपर्यंत वाचतात.

बाबांच्या कारखान्यातलं काम बाहेर द्यायला सुरुवात झाली, तेव्हा कामगार गेटसमोर धरण्याला बसले. नेमके त्याच आठवड्यात दिल्लीहून मंत्री येणार होते. आमचे मालक दुपारच्या बैठकीत एवढंच म्हणाले, "दीदी, देख लीजिए. मेहमान नाराज़ न हों." आमच्याकडे "छापू नका" असं कुणी कधीच म्हणत नाही. म्हणावं लागत नाही.

पेपरच्या दोन आवृत्त्या निघतात. एक शहराची, दुसरी आधी छापून बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती. इंटरनेटवर चढते ती डाकच, आणि दिल्लीवाले तीच बघतात. हा फरक ऑफिसबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. मी धरण्याची बातमी फोटोसकट लावली, पण फक्त शहर आवृत्तीत. कामगारही खूश, मालकही खूश. दोन्ही डगरींवर हात ठेवल्याचं मला चक्क कौतुक वाटलं होतं. आज त्या कौतुकाचीच जास्त लाज वाटते.

बाबा ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार जुन्या सोबत्यांबरोबर खासदारांना भेटायला दिल्लीला गेले. खासदारांच्या सचिवानं कात्रण पाहिलं आणि कम्प्युटरवर त्या तारखेचा अंक उघडला. बातमी कुठेच नव्हती. "ये कहाँ से छपवा लाए, दादा?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. खासदारांची भेट झालीच नाही.

परत आल्यावर बाबा कपडे न बदलता तसेच खुर्चीत बसले. "त्यायच्या कम्प्युटरात गडबड असन बेटा. आपला पेपर असं काहून करन? पण मले खोटारडा समजून राहिले होते तिथं. तू ऑफिसच्या कागदावर एक ओळ लिहून दे, बातमी छापली होती म्हणून. मी पुन्हा जातो."

एकच ओळ. पण ती लिहिली असती, तर डाक आवृत्तीत बातमी का नाही हेही सांगावं लागलं असतं. मालकांना, आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांना. मी भ्याले.

"बाबा, तसा नियम नाही आमच्याकडे."

"अच्छा," ते म्हणाले. "नियम नसन तर राहू दे."

संध्याकाळी ते विजय नगरला आपल्या सोबत्यांकडे गेले आणि पेपरचे नियम किती कडक असतात, हे त्यांनाही समजावून आले.