यादीत नसलेली नावं

त्या मंगळवारी लातूरच्या आमच्या कॉलेजात बीबीए पहिल्या वर्षाच्या युनिट टेस्टचे पेपर वाटले. भूकंपाला तेव्हा बारा वर्षं होत आली होती आणि शहरात गल्लोगल्ली मेडिकलच्या तयारीचे क्लास निघाले होते. मी मूळचा नांदेडचा, नोकरीत नवा...

विषय एमआयएस, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स. साध्या भाषेत, ऑफिसात जमणाऱ्या ढीगभर नोंदींतून कामाची माहिती कशी काढायची ते. वर्गातली बरीच मुलं मेडिकल हुकलं म्हणून इकडं आलेली. त्यांना या विषयात रस नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. नोट्स डिक्टेट करायचो, बेल झाली की निघायचो.

वर्गात एक शिवकांताताई होत्या. वय तिशीचं, गाव औसा तालुक्यातलं. बारावीला असताना भूकंप झाला आणि शिक्षण तिथंच थांबलं. आता एका क्लासच्या ऑफिसात काम करत पुन्हा शिकत होत्या.

टेस्टमध्ये प्रश्न होता... एक्सेप्शन रिपोर्ट म्हणजे काय, उदाहरण द्या. नेहमीपेक्षा वेगळं घडलंय तेवढंच दाखवणारा रिपोर्ट, एवढं लिहिलं तरी पुरे होतं. गोदामातला माल संपत आल्याचं उदाहरण मीच लिहून दिलेलं. ताईंनी मात्र दीड पान भरून कुठल्याशा आजारी मुलीची हकिकत लिहिली होती. मी पाचपैकी एक मार्क दिला आणि लाल पेनानं शेरा मारला, 'विषयांतर'.

तास संपल्यावर त्या पेपर घेऊन आल्या.

"सर, मार्कासाठी न्हाई आले. ह्यात चुकलं काय तेवढं सांगा."

मी म्हणालो, "पेपरात गोष्टी लिहायच्या नसतात, ताई. खरं वाटेल असं उदाहरण द्यावं."

"खरंच हाय की सर. पोरगी दवाखान्यात हाय. मी आता तिकडंच चालले."

मला काय वाटलं कोण जाणे... मीही त्यांच्यासोबत निघालो. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं.

मुलगी इस्लापूरची, किनवटकडची. ताईंच्या क्लासच्या हजेरीच्या कागदावर रोज तिची सही होती. रविवारच्या टेस्टचे मार्क बोर्डावर लागायचे, पण त्यात टेस्टला बसलेल्यांचीच नावं. न बसलेल्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नव्हतं.

ताई दर सोमवारी ॲडमिशनची यादी घ्यायच्या आणि मार्क लागलेली नावं खोडत जायच्या. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या आठवड्यात नऊ नावं उरली. आठ जण सुट्टीचा अर्ज देऊन घरी गेलेले. नवव्या नावाची हजेरी मात्र पूर्ण होती... आणि सलग दोन टेस्ट बुडालेल्या.

ताई तिच्या खोलीवर गेल्या. डोळे पिवळेधमक, चार दिवस पोटात काही नाही. सही तिची मैत्रीण करत होती, कारण घरी कळलं तर वडील परत घेऊन जातील ही भीती.

दवाखान्यात ती उशीला टेकून मोसंबी खात होती. शेजारी वडील, पांढरा सदरा, हातात टोपी. "तुम्ही पण क्लासचे का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. या ताई आमच्या कॉलेजात शिकतात, मी त्यांचा सर."

ते उठून उभेच राहिले. हात जोडून म्हणाले, "मग तुम्हीच शिकवलं असंल ह्यांना हे."

ताईंनी मोसंबीची सालं गोळा केली. मी वडिलांना परत खाली बसवलं...

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे नावं खोडायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो," त्या म्हणाल्या. "धान्य न्यायला येईल त्याचं नाव लिहून घ्यायचे. जे आलेच न्हाईत ते कुणाला कळायचेच न्हाईत. माझी आत्या पार कडेच्या शेडात तापानं पडून होती. आम्हाला वाटलं, लेकीकडं गेली. तिसऱ्या दिवशी कळलं."

"मग?"

"उशीर झाला होता."

आवाज अगदी सरळ. लगेच घड्याळ बघून म्हणाल्या, "चलते सर, ऑफिस उघडायचंय."

पेपरावरचा शेरा मी खोडला, मार्क पूर्ण दिले. पण तेवढ्यानं चैन पडेना. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून माझ्याच वर्गाची यादी काढली आणि पेपर दिलेल्यांची नावं खोडत गेलो. तीन उरली.

दोघांनी कॉलेज सोडून पुन्हा क्लास लावला होता, हे वर्गातल्या मुलांना माहीत होतं. तिसरं नाव एका मुलीचं, पत्ता रेणापूरचा. तिच्याबद्दल कुणालाच काही सांगता येईना. मला तर तिचा चेहराही आठवला नाही...

शनिवारी बसनं रेणापूरला गेलो. घर विचारत विचारत पोचलो तर ती घरच्या पिठाच्या गिरणीवर होती, केसांवर पीठ. मेडिकलचा नंबर हुकल्यावर कॉलेजात चार आठवडे कशीबशी आली होती. मग आपण नसलो तरी काय फरक पडतो, असं वाटून घरीच राहिली.

मी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिनं गिरणी बंद केली आणि बघत राहिली.

"सर... तुम्हाला माझं नाव माहीत हाय?"

"हो," मी म्हणालो. बुधवारपर्यंत माहीत नव्हतं, हे सांगायचा धीर झाला नाही.

सोमवारी ती वर्गात आली. पुढं नोकरीभर, पेपर तपासून झाले की उरलेली नावं काढायची मला सवयच लागली. काही जण सापडले, काही नाही सापडले... जे सापडले, ते शिवकांताताईंमुळे.