आठ्या म्हणजे पसंत

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. कारण या किश्शात एका चहाचा असा काही अपमान झालाय, की अजूनही कपबशी दिसली की माझी मान खाली जाते. आणि तो अपमान दुसऱ्या कुणी नाही, मी केला. भर दुकानात, खुद्द व्याह्यांच्या हातातल्या चहाचा! पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं. कशामुळं? तर मला अक्कल जास्त झाली म्हणून!

झालं असं, मानवतच्या कचेरीतली कारकुनी संपवून मी घरी बसलो आणि हातात आला मोबाईल. त्यात मला एक कोटवाला माणूस सापडला. रोज एक व्हिडिओ टाकायचा. म्हणायचा, तुम्हाला वाटतं वस्तू तुम्ही निवडता, पण तुमची निवड दुसऱ्यानंच आधी करून ठेवलेली असते! मोठ्या दुकानात मंद गाणी का लावतात, दूध पार शेवटच्या कोपऱ्यात का ठेवतात, ‘शेवटचे दोनच पीस राहिलेत’ असं का म्हणतात. सगळं मानसशास्त्र! मी वही घेऊन लिहून घ्यायला लागलो. पंधरा दिवसांत माझा जगावरचा विश्वास उडाला.

भाजीवालीनं मेथीवर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकली. गेली वीस वर्षं टाकायलीय बिचारी. मी ती उचलून परत तिच्या पाटीत ठेवली.

“का हो साहेब?”

“फुकट देऊन तू मला बांधून घ्यायलीस. उद्या मी दुसरीकडं जाऊ नये म्हणून!”

“घ्या की! इख न्हाई घातलं त्याच्यात!” ती म्हणाली आणि शेजारणीकडं बघून डोक्याशी बोट फिरवलं.

घरात तरी वेगळं काय? बायको सकाळी विचारते, “भेंडी करू का दोडका?” मी म्हटलं, “सुमन, दोनच पर्याय समोर ठेवून तू माझं मन बांधायलीस. हे सगळं मला कळतं बरं का आता!” ती म्हणाली, “तिसरा पर्याय हाय की, उपाशी राहा.” त्या दिवशी मी दोडका खाल्ला, पण सावधपणे.

अशा अवस्थेत आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा अमोल, पुण्याला नोकरीला, माणसं झरीची. घरची शेती, बोलायला मोकळी, साखरपुड्यालाच जीव लावणारी माणसं. व्याही दत्तराव तर असे, की पाहुण्याला वाढताना ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. पल्लवीला मुलगा मनापासून आवडलेला. रोज फोनवर बोलणं चालायचं, आणि आम्ही ते न ऐकल्यासारखं करायचो.

आणि आली बस्त्याची तारीख! आपल्याकडं बस्ता म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही घरची माणसं एकाच दिवशी एकाच दुकानात गादीवर मांडी घालून बसणार, त्यांनी नवरीचा शालू घ्यायचा, आपण नवरदेवाचे कपडे, मग मानपानाच्या साड्या. दिवस मोडतो त्यात. आता मला सांगा, कोटवाल्याची सगळी शिकवण पणाला लागावी असा याच्याहून मोठा प्रसंग कोणता? परभणीचं तीन मजली दुकान! मला तर तिथं पायरीपासून सापळे दिसत होते.

आदल्या दिवशी दुपारी मी बायको, पल्लवी आणि माझी भावजय शोभा, तिघींना समोर बसवलं. वही उघडली.

“नीट ऐका. दुकानातला चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणूस मिंधा होतो, रिकाम्या हातानं उठता येत नाही. साडीला हात लावायचा नाही. एकदा हात लागला की मन म्हणतं, ही माझीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदार आपलं तोंड वाचत असतो. आवडलं की आपण हसतो, आणि आपण हसलो की तो भाव धरून बसतो. म्हणून आपण उलटं करायचं. आवडलं तर कपाळाला आठ्या! नाही आवडलं तर छान हसायचं!”

शोभा म्हणाली, “भावजी, डोकं दुखलं तर काय करायचं?”

सुमनचा प्रश्न मात्र नेमका होता. “हे झरीच्या पाहुण्यांना सांगितलं का?”

“मुळीच नाही! भोळी माणसं ती. त्यांच्या तोंडावर लगेच सगळं दिसतं. एकानं डोळा मारला तरी शेठ ओळखंल. जेवढ्या कमी लोकांना माहीत तेवढं बरं.”

ऐकलंत? इथंच माझी गाडी रुळावरून घसरली. पण घसरताना आवाज येत नाही, ते नंतर कळतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवला. आत गारेगार. मी सुमनच्या कानात म्हटलं, “बघ, गार हवा. घाई होऊ नये म्हणून.” अत्तराचा वास आला. “बघ, वास!” शेठ हात जोडून म्हणाले, “या या, पाहुणे!” मी म्हटलं, “बघ, पाहुणे म्हणाला!” सुमन म्हणाली, “मग काय चोर म्हणू का त्यानं?”

गादीवर बसलो. एका बाजूला झरीकर, एका बाजूला आम्ही. चहा आला. झरीकरांनी बशीत ओतून प्यायला सुरुवातसुद्धा केली. आमच्याकडचे कप मात्र तसेच वाफा सोडत बसलेले. दत्तरावांनी ते पाहिलं, स्वतः उठले, एक कप उचलून माझ्यापुढं धरला.

“घ्या की पाहुणे.”

“नको.”

“बरं, अर्धा घ्या.”

“बिलकूल नको. आम्ही घरातल्या सगळ्यांनीच चहा सोडला.”

दत्तराव बघतच राहिले. साखरपुड्याला याच माणसानं त्यांच्या ओसरीवर तीन कप चहा घेतला होता, आणि तिसरा मागून घेतला होता! त्यांनी कप हळूच खाली ठेवला. मी मनात म्हटलं, पहिला सापळा चुकवला.

साड्या उलगडायला सुरुवात झाली. विहीणबाई, म्हणजे कमलबाई, मोठ्या हौसेनं पुढं सरकल्या. त्यांनी एक जांभळा शालू काढला. काय शालू होता म्हणून सांगू! पदरावर मोर, काठ असे भरगच्च. पल्लवीच्या खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, “बघ गं माय, कसा हाय?”

पल्लवीला तो इतका आवडला, इतका आवडला, की तिनं कपाळाला पाच आठ्या घातल्या! सुमननं सहा घातल्या. शोभानं तर उत्साहाच्या भरात नाकसुद्धा मुरडलं. आणि पल्लवीनं दोन बोटांनी पदर खांद्यावरून खाली सोडला. हात लावायचा नाही ना!

कमलबाईंचा चेहरा उतरला. शालू बाजूला गेला.

मग विक्रेत्यानं काढला एक पोपटी शालू, नारिंगी काठांचा. डोळे दुखावेत असा पोपटी! आमच्या तिघीजणी एकदम खुदकन हसल्या. कमलबाईंच्या जिवात जीव आला. “हा आवडला पोरीला! हाच ठेवा वेगळा!”

आता बघा मजा. पल्लवीला तो शालू नको होता, म्हणून ती आणखी हसली. ती जितकी हसेल तितक्या कमलबाई खूश! “बघा कशी खुलली!” शेवटी पोरीला रडू यायची वेळ आली, तिनं नियम सोडला आणि त्या पोपटीकडं बघून खरोखरच्या आठ्या घातल्या. तर सुमन माझ्या कानात म्हणते कशी, “अहो, पोपटी आवडला वाटतं तिला!”

आणि मी? मी मान डोलावली! माझी नजर होती शेठवर. कारण दत्तराव आणि शेठ कोपऱ्यातल्या पुतळ्याजवळ काहीतरी कुजबुजायला लागले होते. शेठ मान हलवत होते. दत्तराव हात चोळत होते. माझ्या मनात लगेच आलं, शेठनं व्याह्यांना फोडलं! कोटवाल्यानं सांगितलेलंच होतं, घरातला एक मऊ माणूस हेरतात आणि त्याला आपल्या बाजूनं करून घेतात.

मागून दत्तराव माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली. “पाहुणे, जरा बाहेर येता का? दोन शब्द बोलायचेत.”

हेही वहीत होतं! घरच्या कर्त्या माणसाला घोळक्यातून वेगळं काढायचं. मी ताठ बसलो. “जे बोलायचं ते इथंच बोला. सगळ्यांसमोर!”

“इथं नको हो.”

“इथंच!”

दत्तरावांनी एकदा कमलबाईंकडं पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, “मग विचारतोच. पोरीच्या मनात हे लग्न न्हाई का?”

शेठवरची माझी नजर एकदम दत्तरावांवर आली.

“न्हाई म्हंजे, आसं आसंल तर आजच सांगा. तुमी आमचा चहा घेईना गेलात. हिनं हौसेनं काढलेल्या शालूला पोरीनं हात लावला न्हाई. तुमच्या समद्या बायका घडीत हसत्यात, घडीत तोंड वाकडं करत्यात. आमी खेड्यातली माणसं, पण तोंड वाचता येतंय आमाला. मी शेठला म्हणलो, जरा दमानं घ्या, आत्ताच बिल फाडू नका. जोरजबरीनं सून न्हाई न्यायची आमाला.”

आता माझी पाचावर धारण बसली! मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. पुण्याहून अमोल. कमलबाईंनी मघाशीच त्याला कळवलं होतं. पोरीनं फोन कानाला लावला, दोन क्षण ऐकलं आणि तिथंच गादीवर हुंदके द्यायला लागली.

“नाही हो... मनाविरुद्ध नाही... अहो आठ्या आवडल्याच्या होत्या! जांभळा मला खूप आवडला... बाबांचे व्हिडिओ हो, बाबांचे व्हिडिओ!”

मग काय, सगळंच बाहेर आलं. वही, कोटवाला, चहा, आठ्या, हसू. पल्लवी रडत सांगतेय, शोभा मध्येमध्ये भर घालतेय, सुमन माझ्याकडं अशी बघतेय की मला त्या पोपटी शालूखाली लपावंसं वाटलं. खरं सांगतो, आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नाही. कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं हो! बाईनं किती हौसेनं तो शालू उचलला होता, आणि मी चार पैशांच्या शहाणपणापायी तिला दुकानभर तोंडघशी पाडलं. मी हात जोडले. दत्तरावांनी हातातली टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली.

मग म्हणाले, “पाहुणे, तुमच्या मानवतच्या मोंढ्यात कापूस घेऊन जातो आमी. व्यापारी कापसात हात घालतो आन् आश्याच आठ्या घालतो. आतून खूश आसला तरी. त्याचं मला काही वाटत न्हाई, त्यो व्यापारी हाय. पण तुमी सोयरे हाव. सोयऱ्यापाशी मोंढ्यातलं तोंड कामून आणलं?”

मी समोरचा कप उचलला. चहाला साय धरली होती, गार ढोण झाला होता. तो एका दमात प्यालो. दत्तरावांनी दुसरा मागवला, तोही प्यालो. तिसऱ्याला ते हसले, तेव्हा कुठं माझा श्वास परत आला. कमलबाईंनी जांभळा शालू पुन्हा पल्लवीच्या खांद्यावर टाकला. या खेपेला पोरगी अशी हसली की शेठनंही टाळी वाजवली.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण संपलं नाही.

निघताना शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, राग नका मानू. या गादीवर माझी सारी उमर गेली, पण तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाह्यलं न्हाई. काय ती तयारी! काय ती नजर! तुमाला फसवणारा माणूस परभणीत पैदा व्हायचाय.”

इतका वेळ सगळ्यांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला हे ऐकून कसं वाटलं असेल? मी म्हटलं, “थोडाफार अभ्यास आहे आपला.”

“ते दिसतंच की. म्हणून एक चीज दाखवतो. हरेकाला दाखवत न्हाई मी. एकच पीस राहिलाय.”

आणि त्यांनी काढलं एक जाकीट. राणी रंगाचं. सोनेरी बटणं, खिशावर बदामाचं भरतकाम. “हात तर लावून बघा,” शेठ म्हणाले. मी लावला. “घालून तर बघा.” घातलं. आरशात बघितलं. शेठ दोन पावलं मागं सरकले आणि नुसते ‘वा’ म्हणाले.

मी जाकीट घालूनच बाहेर पडलो. पायरीवर शेठ हळूच म्हणाले, “त्यो कोटवाला ना, साहेब? मी बी रोज बघतो त्याला. दुकानदारांसाठी त्याचे वेगळे व्हिडिओ हायेत. त्यात पह्यलाच धडा हाय. ज्याला वाटतं आपण फसत न्हाई, त्याला फकस्त एवढंच म्हणायचं, की तुमी फसत न्हाई.”

लग्न थाटात झालं. जांभळ्या शालूत पल्लवी काय दिसत होती! मी ते जाकीट घालून मांडवाच्या दारात उभा. दत्तराव वऱ्हाड घेऊन आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कमलबाईंच्याही. सुमनच्या तर सकाळपासूनच होत्या. निरोपाच्या वेळी पल्लवी माझ्या गळ्यात पडून रडली, मग मागं सरून तिनं डोळे पुसले, जाकिटाकडं नीट बघितलं, आणि पोरीच्या कपाळावर मोजून पाच आठ्या आल्या.

आता आठ्या म्हणजे पसंत, हा नियम मीच केलेला. तेव्हा दोन्ही घरच्या माणसांना ते जाकीट लय आवडलेलं आहे, असंच मी धरून चाललोय.