आबांच्या जीपमधली वर्षं

देवगाव फाट्यावर चहाला थांबलं की कुणीतरी विचारतंच, "तुमीच ना सोपानआबांचे ड्रायव्हर? एखादा किस्सा सांगा की!" आता एखादा कुठून काढू? कणगीत हात घातला की मूठ भरूनच बाहेर येते!

*

आबा बोरीकडच्या शेतकऱ्याचं पोर. पहिलं इलेक्शन जिंकले तेव्हा मिरवणूक सोडून आमी थेट शेतात गेलो. त्यांची माय कापूस येचत होती. कुणीतरी बांधावरूनच ओरडलं, "माय, लेक आमदार झाला!"

"बरं झालं. मंग उरलेला कापूस कोण येचील?"

आमदारसाहेब वाकले. गुलालाच्या हातानं येचलेलं ते बोचकं सगळं गुलाबी निघालं!

*

ताडकळसला बाजारच्या दिवशी सभा. भाषण रंगात आलेलं, अन् आबा मधेच माईकवर ओरडले, "ओ मामा, तुमची गाय त्या बाईची मेथी खायलीय!"

सगळी सभा गायीमागं पळाली. लोक परत आले, पण आबांचा धागा तुटला. "मी काय म्हणायलो होतो?"

"रस्ता करून देतो म्हणायलात!" मागून एक आवाज.

"आस्सं? मंग आता करावाच लागतो!"

अन् केला!

*

एकदा प्रचारात विरोधी उमेदवाराची गाडी काळ्या रानात रुतली. आबांनी आपली बैलजोडी जुंपून ती ओढून काढली. तो बिचारा ओशाळला. "आबा, आता तुमच्याविरुद्ध बोलू कसं?"

"बिनघोर बोला! पुन्हा रुतलात तर बैल हायेतच."

*

पुढं एका इलेक्शनला आबा पडले. सकाळी आमी रडवेले होऊन घरी गेलो, तर आबा शेतात तण काढत बसलेले. आमी बांधावर माना खाली घालून उभे. आबा खुरपं थांबवून म्हणाले, "निंदायला आलात का माझी निंदा करायला? निंदायचं आसंल तर खुरपी तिथं झाडाखाली हायेत."

दुपारपर्यंत सगळे कार्यकर्ते ओळीनं निंदत होते!

*

आता आबांना काही आठवत नाही. मलाही ओळखत नाहीत. परवा भेटायला गेलो, तेव्हा काकी ताट घेऊन समोर बसल्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारातल्या बायकोकडं आबा परक्यासारखं बघत राहिले. मग हळूच हात जोडले.

"माय, औंदा मी उभा हाय. ध्यान असू द्या."

काकींनी पदर सावरला. "मत तुमालाच देते. पर आधी येवढा घास घ्या."

आबांनी घास घेतला.