पाचटाचं भांडवल

लिहायला बसलो खरा, पण हा अधिकार मला कोणी दिला, हे मलाच माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि माझंही शेवटचं वर्ष अजून संपायचंय. सामाजिक उद्योगांना पैसा कसा मिळतो, यावर लिहिणारी जाणती माणसं पुष्कळ आहेत. तरी लिहितो, कारण आमच्या मशीनचा विषय ज्या खोलीत निघाला तिथे मी बसलो होतो. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

आम्ही पुण्याजवळच्या मांजरी गावचे. ऊस तुटला की शेतात वाळका पाला उरतो, तेच पाचट. बहुतेक जण ते पेटवून देतात. धूर शेजारच्या नव्या इमारतींत शिरतो आणि तिथून तक्रारी येतात. माझ्या काकूने गावातल्या बायका जमवून वेगळं काम सुरू केलं होतं. पाचट मशीनने बारीक करायचं, कुजवून खत करायचं, सोसायट्यांच्या बागांना विकायचं. खत चांगलं होत होतं. मशीन मात्र भाड्याचं, आणि ऐन तोडीच्या वेळी ते कधीच मिळायचं नाही. यंदा तर माझ्या वडिलांनीच सांगून टाकलं, "तोडीनंतर चार दिवस बघंन. मग पेटवणार. तुटल्या उसाच्या खोडव्याला पाणी द्यायचंय मला."

स्वतःचं मशीन घ्यायचं तर बँक तारण मागत होती, आणि जमिनी बायकांच्या नावावर नाहीत. तेव्हा कॉलेजमधल्या बाईंनी खराडीतली एक संस्था सुचवली. ती देणगी देत नाही. पैसे देते, कमी व्याजाने परत घेते, आणि धूर किती कमी झाला याचाही हिशोब विचारते. काकूबरोबर मी गेलो, इंग्रजी कळणारा म्हणून.

तिथल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "बाकी ओके आहे, पण एक्झिटचं क्लिअर नाहीये."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, "बाहेर कधी पडायचं, ते विचारतायत."

काकूने पिशवी उचलली. "चल. चहा बी आला न्हाई अजून, तवर वाटंला लावाया लागल्यात."

मॅडम गडबडल्या. "अहो काकू, तुम्ही नाही. आम्ही बाहेर पडायचं."

"हापिस तुमचं, आन तुम्ही कुठं जाताय?"

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी नीट सांगितलं. संस्थेचे पैसे आमच्याकडून सुटले की ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या कामाला लावायचे असतात. तोवर आमचा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहील का, एवढाच प्रश्न होता.

काकू पुन्हा बसली. "मग पाठराखीण म्हणा की. नव्या नवरीबरं जाती, पोरगी रुळली की माघारी येती. जल्मभर कोण ऱ्हातंय?"

मॅडमना शब्द आवडला, पण त्यांनी सोडलं नाही. "मान्य. पण पोरगी रुळेल कशावरून? उद्या सोसायट्यांनी खत घेतलंच नाही तर?"

काकू माझ्याकडे वळली. मी बोलून गेलो, "मी त्यांच्याकडून लेखी आणतो."

आमच्या शेताला लागून जी मोठी सोसायटी आहे, तिचे सेक्रेटरी म्हणजे पेठेतून राहायला आलेले एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"धूर पाठवता ते तुम्हीच ना?"

"हो. म्हणजे, आमच्याच बाजूचा."

"तो फुकट येतो. खताचे मात्र पैसे?"

"खत घेतलंत तर धूर थांबेल, काका."

"याला खंडणी म्हणतात," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि मी पुढे केलेला, खत घेण्याच्या हमीचा कागद शेवटपर्यंत वाचला. सही करताना म्हणाले, "पोत्यात दगड निघाला तर पोतं तुझ्या कॉलेजात आणून टाकीन." त्यांची सही पाहून पलीकडच्या सोसायटीनेही होकार दिला. दोन्ही कागद मी मॅडमना नेऊन दिले.

त्या धावपळीत एक गोष्ट मला पक्की कळली, ती मी न चाचरता सांगू शकतो. मदत मागताना आपली अडचण सांगितली तरी भागतं, भांडवल मागताना आपलं काम सांगावं लागतं. आमच्याकडे सांगण्यासारखं काम होतं. म्हणून पैसे मिळतील याची मला खात्री होती. भीती फक्त उशिराची होती.

आमची तोड झाली. वडील संध्याकाळी बांधावर उभे राहून पाचटाकडे बघायचे. अखेर एकदा जेवताना म्हणाले, "उद्या काडी लावतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघालो, पण लक्ष शेतातच होतं. बसमध्ये असताना काकूचा फोन आला.

"मॅडमचा फोन आलता. मंजूर झालं. मशीन परवा येतंय. तुझ्या वडलांस्नी सांगितलं. काडेपेटी खिशात घातली त्यांनी, पर म्हणले, परवा म्हंजे परवाच."