चंद्रपूरहून आणलेली जुनी सायकल

जूनचा शेवटचा आठवडा होता. विदर्भातल्या शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा गोंडपिपरीजवळच्या खेड्यातून माझ्या ताईचा फोन आला. तिची मुलगी प्रणाली दहावी पास झाली होती आणि अकरावीसाठी तिला रोज सात किलोमीटरवर गोंडपिपरीला जायचं होतं. गावात एसटी येते, पण कॉलेजची वेळ टळून गेल्यावर. म्हणजे सायकल हवी, आणि नवी परवडणारी नव्हती. भाऊजी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकण्यात गुंतलेले. मी पोरीला चंद्रपूरच्या गाडीत बसवून देते, तू नागपूरहून ये आणि दोघी मिळून एखादी जुनी पाहा, असं ताईनं सुचवलं. मी दोन दिवसांची रजा टाकली.

नागपूर ते चंद्रपूर एसटीनं साडेतीन-चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी भरलेलीच असते. सकाळी लवकरची पकडा. भद्रावती मागे पडली की वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागतात आणि खिडकीतून येणारी हवा भट्टीसारखी होते. प्रणाली स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी होती. दोन वेण्या, धुऊन इस्त्री केलेला ड्रेस, हातात रिकामी पिशवी. समोरच्या टपरीवर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे तिखटजाळ रस्सा, जपून घ्या, इथे ती विचारून वाढत नाहीत.

जुन्या सायकलींची दुकानं जुन्या शहराच्या परकोटाच्या आतल्या गल्ल्यांत आहेत. ऑटोवाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. चार दुकानं फिरून आम्ही रफिकभाईंच्या दुकानात आलो. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी. कुणी घ्यायला जाणार असाल तर त्यांनी मला सांगितलेलं सांगते: रंगावर जाऊ नका, चाक उचलून फिरवा आणि रिम डुगडुगते का ते पाहा, फ्रेमला कुठे जोड दिलाय का तेही पाहा. आणि पावती घ्या. चांगली लेडीज सायकल दोन-अडीच हजारांत मिळते.

एक निळी सायकल बरी वाटली. मी प्रणालीला म्हटलं, गल्लीत एक चक्कर मारून बघ. ती हँडल धरून उभीच राहिली. मला वाटलं लाजतेय. मी पुन्हा म्हटलं तेव्हा ती माझ्या अगदी जवळ आली.

"मावशी, मले सायकल चालवता येत नाई."

मग आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं.

"सांगतलं असतं तर बाबा म्हनले असते, बाहेरून परीक्षेचा फार्म भर अन् घरी राह्य."

घरात एकच सायकल होती, बाबांची, उंच दांड्याची, आणि ती कायम शेतावर. शिकणार कधी? मी फोन बाहेर काढला आणि परत ठेवला. ताईला सांगावं तर भाऊजींना कळणार. न सांगावं तर ही पोर त्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून जाणार. मी दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिले.

आमचं बोलणं आत ऐकू गेलं होतं. रफिकभाईंची मुलगी नाझनीन वडिलांना डबा द्यायला आली होती. डिप्लोमाला नंबर लागला होता, महिन्याभरात ती नागपूरला हॉस्टेलवर जाणार होती. ती बाहेर गेली आणि शेजारीच असलेल्या त्यांच्या घरातून स्वतःची सायकल घेऊन आली. मरून रंगाची, बुटकी, सीट घासून गुळगुळीत झालेली. ही शिकायला बरी, पाय टेकतात, म्हणाली.

परकोटाच्या भिंतीलगत एक मोकळी जागा आहे. ऊन कलल्यावर दोघी तिथे गेल्या. नाझनीन कॅरिअर धरून मागे पळायची, प्रणाली हँडल इतकं घट्ट धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. ती दोनदा पडली, कोपर सोलून निघालं. "खाली नको पाहू ना, समोर पाह्य, मी धरून राह्यली," नाझनीन सांगत होती. तिसऱ्यांदा तिनं खरंच धरलं होतं की नाही, मला दिसलं नाही.

त्या दिवशीची परतीची गाडी आम्ही सोडून दिली. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. कूलर होता, एवढंच तिचं कौतुक. ताईला मी सांगितलं की मनासारखी सायकल अजून मिळाली नाही.

सकाळी उन्हं तापायच्या आत पुन्हा तेच. आता प्रणाली मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जात होती, वळताना मात्र उतरत होती. मग एकदा न उतरता वळली. आम्ही दुकानात परतलो आणि निळ्या सायकलीचा भाव विचारला, तेव्हा नाझनीन वडिलांना म्हणाली, "अब्बा, हिले माझीच द्या. हिचा हात बसला तिच्यावर."

रफिकभाई मान खाली घालून पंप शोधू लागले. ती सायकल विकायची नव्हतीच. मुलगी पाचवीत गेली तेव्हा तीन जुन्या सायकलींचे भाग जोडून त्यांनी ती स्वतः बनवली होती. पंप हाती लागल्यावर म्हणाले, "उसकी चीज है, वो जाने." निळीपेक्षा कमीच पैसे घेतले. मग त्यांनी चेन काढून धुतली, प्रत्येक सांध्यात तेल सोडलं, ब्रेक नवे बसवले. इतक्या सावकाश की आमची दुपारची गाडीही जाणार असं वाटलं. शेवटी पुढचं चाक काढून कसं बसवायचं ते प्रणालीला दाखवलं आणि एक पाना तिच्या पिशवीत टाकला. नाझनीननं हँडलच्या मुठींवरचे रंगीत झुपके तेवढे काढून घेतले.

कंडक्टर आधी नाही म्हणाले, मग चाक वेगळं पाहून मागच्या सीटच्या पाठीशी जागा दिली आणि सामानाचं तिकीट फाडलं. बल्लारपूरनंतर कोठारीचं जंगल लागतं, सागवान आणि बांबू, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेला. गोंडपिपरीच्या स्टँडवर प्रणालीनं स्वतः चाक बसवलं. पुढचे सात किलोमीटर आम्ही दोघी सायकल ढकलत चालत गेलो. वाटेत मी तिच्याकडून कबूल करून घेतलं: ट्रकांच्या रस्त्यावर हात पक्का बसेपर्यंत उतरून चालायचं.

नागपूरला परत आल्यावर माझं मन काही दिवस थाऱ्यावर नव्हतं. लपवलं ते बरोबर केलं का, अजूनही ठरवता येत नाही. पण प्रणालीनं शब्द पाळला. पहिला आठवडा ट्रकांच्या पट्ट्यात ती चालतच गेली, कॉलेजातली पोरं हसली तरी. मग तिनं आपणहून बाबांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींनी अंगणातली बैलगाडी ओढून बाजूला लावली, पोरीला वळायला जागा हवी म्हणून.

ती जागा आता एकटी प्रणाली वापरत नाही. परवा ताईचा फोन आला, तिला बोलताना धाप लागली होती. काय झालं विचारलं, तर हसत म्हणाली, "पोरगी शिकवून राह्यली मले. आज मी पडली नाई."