चाळीस सेकंद आधी

टोलेबाईंचं आडनाव टोले नव्हतं. खरं आडनाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत टोल दिले, म्हणून त्या टोलेबाई. काम शिपायाचं. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, सह्यांचे कागद वर्गावर्गांतून फिरवायचे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो टोल. व्हरांड्याच्या टोकाला टांगलेली जाड पितळी थाळी आणि बाईंच्या हातातली लाकडी हातोडी. आजूबाजूचे दुकानदार त्या टोलावर घड्याळं लावत. एकदा मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलेलं असताना बाईंनी वाक्याच्या मधोमध टोल हाणला.

"अहो बाई, मी बोलत होतो!"

"सर, तुम्ही बोलत होतात, पण चारही वाजत होते."

हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला की बाईंच्या आधी तो किस्साच लोकांना भेटायचा. निवृत्त होताना शाळेनं त्यांना मोठ्या तबकडीचं, ठसठशीत सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ दिलं. ते त्या भांडी घासतानाही काढत नसत.

म्हणून नगर परिषदेच्या निवडणुकीत, दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बसवून चर्चा घ्यायचं वाचनालयाच्या ग्रंथपालांनी ठरवलं, तेव्हा वेळ कोण पाहणार हा प्रश्नच नव्हता. दोन्ही उमेदवारांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. एक उमेदवार होते शाळेच्या बसगाड्या चालवणाऱ्या कंपनीचे मालक. दुसऱ्या होत्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर, वीस वर्षं सगळ्या वॉर्डाला इंजेक्शनं दिलेल्या.

सुनेनं जेवताना विषय काढलाच. "आई, कोण येणार आहे हो ते डिबेट ऐकायला? ज्याला ज्याला मत द्यायचंय त्याचं ठरलेलंय. आमच्या ऑफिसात तर म्हणतात, भाषणानं मत बदलत नाही, फक्त चहा संपतो."

"मला काय करायचंय? मी वेळ पाहणार."

मुलगा खाली मान घालून जेवत होता. तो मालकांच्याच बसवर ड्रायव्हर होता आणि गेला महिनाभर त्यानं घरात बोलणं जवळजवळ सोडलं होतं. शाळेसमोरच्या वळणावर तो बस मागे घेत असताना तिसरीतल्या एका मुलीला धक्का लागला होता. हात मोडला. बरीही होत होती पोर. पण बाजारात कुजबुज सुरू झाली होती, की ड्रायव्हर फोनवर बोलत होता. टोलेबाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, "काय झालं रे?" तो म्हणाला होता, "झालं ते झालं." आणि बूट काढून भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानंतर बाईंनी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्यांना धास्ती होती.

गुरुवारी हॉलमध्ये नव्वदेक माणसं आली. ग्रंथपालांनी मोबाईलवर वेळ लावतो म्हटल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "टोलेबाई असताना मोबाईल कशाला? तो चुकेल एखादवेळेस!" हशा झाला. टेबलावर शाळेतून मागून आणलेली लहान पितळी घंटा होती. प्रत्येकाला सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला एक टोल, सातव्याला दोन, आणि दोन पडले की माईक पुढच्याकडे.

मालक आधी बोलले. रस्ते, दिवे, बाग, पुन्हा दिवे. बोलणं गुळगुळीत, हातात कागद नाही. दुसरा टोल पडायच्या आत त्यांनी हात जोडले आणि टाळ्या घेतल्या. मग सिस्टर उठल्या. त्यांना भाषणाची सवय नव्हती. पहिली दोन मिनिटं चष्मा आणि कागद यांतच गेली. पण हळूहळू गाडी रुळावर आली. गटारांबद्दल बोलल्या, दवाखान्याच्या वेळांबद्दल बोलल्या. सहाव्या मिनिटाला बाईंनी एक टोल दिला. सिस्टरनी कागद खाली ठेवला आणि समोर पाहिलं.

"शेवटचा मुद्दा. गेल्या महिन्यात शाळेच्या वळणावर ज्या मुलीला बस लागली, ती बस चालवणारा ड्रायव्हर..."

बाईंची नजर घड्याळावर होती. काटा वीसवर होता. सहा मिनिटं वीस सेकंद. हे त्यांनी अगदी स्पष्ट पाहिलं, आणि हात उठला. टण्ण, टण्ण.

सिस्टर थांबल्या. एक क्षण बाईंकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "टोल पडला म्हणजे पडला," आणि खाली बसल्या. लोक कौतुकानं हसले. नव्वद माणसांत एकानंही स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणच काय?

निघताना सिस्टरनी बाईंचा हात हातात घेतला. "बोलायला जमलं नाही मला. पण तुमच्यामुळे निदान वेळ तरी दोघांना सारखी मिळाली."

हे वाक्य बाईंना घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं. शुक्रवारी त्यांनी डाळीत दोनदा मीठ घातलं. सून म्हणाली, "आई, आज डाळ आहे की औषध?" त्या हसल्या नाहीत. मनाची समजूत घालायचे सगळे प्रयत्न करून झाले. चाळीस सेकंद म्हणजे काय? डोळ्यांत गेलेलं कुसळ काढायलाही जास्त वेळ लागतो. आणि आई आहे मी. भर सभेत माझ्या पोराचे वाभाडे निघाले असते, ते मी बसून मोजायचे होते का? पण मनगटावरचा काटा फिरत राही आणि दर मिनिटाला वीसवरून जाई.

शनिवारी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. पेशंट कुणी नव्हतं. सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये कापसाचे बोळे करून ठेवत होत्या.

"या बाई. काय, बीपी?"

"नाही. सिस्टर, परवा मी घंटा आधी वाजवली."

"आधी म्हणजे?"

"चाळीस सेकंद. मुद्दाम." आणि मग एका दमात म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलाचं नाव घेणार होतात म्हणून."

सिस्टरच्या हातातला बोळा तसाच राहिला. मग त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला, हात धुतले, पुसले, आणि वजनकाट्याजवळचं स्टूल बाईंकडे सरकवलं.

"बसा. घड्याळ आहे ना हातात? लावा वेळ."

"सिस्टर..."

"लावा म्हणते ना. माझे चाळीस सेकंद आहेत ते."

बाईंनी मनगट वर केलं. सिस्टर उभ्यानंच बोलल्या, हॉलमध्ये बोलल्या त्याहून कितीतरी सरळ. "त्या बसचा ड्रायव्हर त्या मुलीला दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे धावत आला. त्या वळणावर बस मागे घ्यायला जागा नाही, थांबा शाळेच्या मागच्या फाटकाला न्या, असं त्यानं अपघाताच्या आधी मालकांना दोनदा लिहून दिलं होतं. पत्राची प्रत माझ्याकडे आहे. फोनवर कुणी बोलत नव्हतं. चूक ड्रायव्हरची नाही, जागेची आहे, आणि जागा नगर परिषदेची आहे. हे इथे बसलेल्या मालकांना ठाऊक आहे. त्यांनी उत्तर द्यावं." आणि विचारलं, "किती झाले?"

बाईंना काटा दिसत नव्हता. पदरानं डोळे पुसून त्यांनी पाहिलं. "पस्तीस."

"पाच उरले असते. मी तेवढा वेळ नुसती त्यांच्याकडे पाहणार होते."

"त्यानं मला पत्राचं काही सांगितलं नाही."

"मालकांनी दटावलं होतं, निवडणूक होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तरी इथल्या बाकावर बसून मला म्हणाला, 'सिस्टर, वाचायचं तर वाचा सभेत. नोकरी गेली तर दुसरी बघू.'"

बाई स्टुलावरून उठल्या. "मी आत्ता सांगते सगळ्यांना. घरोघर जाऊन सांगते."

"प्रचार काल संध्याकाळी बंद झाला. उद्या मतदान. आज तुम्ही सांगितलंत काय नि मी सांगितलं काय, तो प्रचारच. नियमात बसत नाही." सिस्टरनी ट्रेवर झाकण ठेवलं. "राग आला नाही असं म्हणणार नाही मी. आलाय. पण नियम मोडून नको. नियम मोडणाऱ्यांत तुम्ही आणि मी, दोघी कशाला?"

घरी मुलगा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. बाई त्याच्याशेजारी टेकल्या आणि सगळं सांगितलं. त्यानं ब्रश थांबवला नाही. एक बूट झाला, दुसरा घेतला.

"तुला वाटलं मी फोनवर होतो."

बाईंनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं.

"विचारायचं तरी होतंस आई."

"विचारलं होतं रे."

"'काय झालं' विचारलं होतंस. 'फोनवर होतास का' असं नाही विचारलंस. ते विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो." त्यानं बुटात बोट घालून आतली धूळ झटकली. "बाजार काहीही बोलतो, त्याचं काही वाटत नव्हतं मला. म्हटलं, घरात तरी ठाऊक आहे."

मालक निवडून आले. सदतीस मतांनी.

बाईंनी तो आकडा ऐकला आणि त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, तो थांबेना. हॉलमध्ये नव्वद. त्यांतली एकोणीस जरी इकडची तिकडे गेली असती तर? सुनेनं समजावलं, "अहो आई, त्या नव्वदांत निम्मे पंख्याखाली बसायला आले होते." घंटेचं कळल्यावर ग्रंथपालही म्हणाले, "बाई, इतकी वर्षं पाहतोय, चर्चेनं एकाचंही मत बदलत नाही. मी आपला हौसेनं घेतो." सगळे बाईंना मोकळं करायला निघाले होते, पण एकालाही ठाऊक नव्हतं की त्या कशात अडकल्यात. मतं बदलली नसती, असेलही. पण मालक खुर्चीत बसलेले असताना, नव्वद माणसांसमोर, तो प्रश्न त्यांच्या तोंडावर पडला असता. त्यांना काहीतरी म्हणावं लागलं असतं. निदान पाण्याचा ग्लास तरी उचलावा लागला असता. दुसऱ्या दिवसापासून त्या पत्राबद्दल मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नसती. आणि पोराबद्दल बाजारात बोलायची सोयही.

महिन्याभरानं नगर परिषदेची पहिली सभा भरली. सभेच्या सुरुवातीला नागरिकांना दोन-दोन मिनिटं बोलायला मिळतात. बाईंनी आदल्या दिवशीच नाव नोंदवलं होतं. वेळ पाहायला टेबलाशी एक कारकून होता, समोर बेलचं बटण. बाईंनी त्याला ओळखलं. शाळेत रोज उशिरा यायचा आणि फाटकाबाहेर उभा राहून विनवायचा, "बाई, एवढं आज." एकदाही आत घेतला नव्हता.

आयुष्यात बाई कधी सभेत बोलल्या नव्हत्या. उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. समोर नवे नगरसेवक, त्यांत मालक. मागे शेवटच्या रांगेत ड्रायव्हरच्या गणवेशात मुलगा, दोन फेऱ्यांमधल्या सुट्टीत आलेला. त्याला बोलावलं नव्हतं त्यांनी.

"मी एकतीस वर्षं शाळेत टोल दिला," त्या म्हणाल्या. "निवडणुकीच्या चर्चेत सिस्टरांची वेळ संपायच्या चाळीस सेकंद आधी मी घंटा वाजवली. चुकून नाही, जाणूनबुजून. त्या काय सांगणार होत्या ते आता मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. सिस्टरचे शब्द त्यांना पाठ झाले होते. सिस्टरकडून आणलेली पत्राची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. मालकांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"थांबा मागच्या फाटकाला न्यावा, एवढी मागणी आहे. आणि ड्रायव्हर फोनवर नव्हता. बाजारातल्या लोकांना तसं वाटलं, त्यांचा दोष नाही. पण घरातल्या माणसानंही, त्याच्या आईनं, त्याला न विचारताच..."

सवयीनं नजर मनगटावर गेली. दोन मिनिटं पूर्ण झाली होती. काटा बारा ओलांडून पुढे निघाला होता. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. तो डोळ्यांनीच सांगत होता, बोला बाई, बोला.

"वेळ झाली ना?" बाईंनी विचारलं.

"असू द्या हो, पूर्ण करा वाक्य," अध्यक्ष म्हणाले.

"नाही." बाईंनी मान हलवली. "वाजव बाळा."

बेल वाजली. अध्यक्षांनी "विषय नोंदवून घ्या" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. बाई मागे वळल्या. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून शेवटच्या रांगेपर्यंत चालायला त्यांना फार वेळ लागला. मुलानं शेजारची खुर्ची रिकामी केली. त्यावर त्याची टोपी होती, ती त्यानं मांडीवर घेतली.

त्या बसल्या. अर्धं राहिलेलं वाक्य त्याला सांगायचं होतं, पण सभेत दुसरं कुणी बोलायला उभं राहिलं होतं आणि त्याची दोन मिनिटं सुरू झाली होती. बाई गप्प राहिल्या, ती संपण्याची वाट पाहत.